चुंबक

फळ्या घासायला घेण्याआधी
ज्दिस्वाफ त्यांच्यावरून चुंबक ओढतो.
सवय. नाहीतर पॉलिशपेपर फाटतो.

वूच शहर, जुना शर्टांचा कारखाना,
चौथा मजला, आता ज्याला लॉफ्ट म्हणायचं.
फटींतून सुया वर येतात,
मोडक्या, वाकलेल्या, टोकाशी नेढं असलेल्या, मशीनच्या.
खिडक्यांपाशी जास्त.
उजेडाला जागा मिळालेल्या बायका
घाईत असणार,
किंवा बोलक्या.

मालकीणबाई पत्रित्स्या कॉफी घेऊन येतात.
लोखंडी खांब ठेवलेत म्हणे, गंजासकट;
गंज पक्का करायला वेगळे पैसे पडले.
सुया पाहून हरखतात:
काचेच्या बरणीत घालून द्या ना,
आत एक दिवा सोडू.

तो बरणी भरतो.
बिलात हे कुठे लिहायचं
ते त्याला सुचत नाही.

एक सुई मात्र
त्याच्या कॉलरमागे टोचलेली
ट्रामने घरी जाते.
ही सरळ आहे. हाताची.
कुणीतरी फक्त बटणं लावत असणार तिथे.

चष्मा लावून, दोरा थुंकीने ओला करून,
तिसऱ्यांदा ओवतो.
जातो.

बाहीचं बटण
मार्चपासून लोंबत होतं.