वाऱ्याचा डोळा

व्हिटबीत वारा समुद्रावरून येत नाही,
तो घराघरांत राहायलाच असतो, भाडं न देता.
त्याला बाहेर काढायचं, हे माझं काम:
दुहेरी काच, मधे कोंडलेला वायू, कडेला रबर,
दहा वर्षांची हमी.

कामाच्या चिठ्ठीवर होतं: मिसेस स्टॉर, पाच विंडो.
हा शब्द मी दिवसातून शंभरदा उचलतो,
खांद्यावरून, अरुंद जिन्यांवरून,
पण त्याच्या आत कधी डोकावलो नव्हतो.

थर्झा स्टॉर, वय एक्याऐंशी, शाळेत भूगोल शिकवायच्या.
आता नजरेच्या मधोमध राखाडी डाग,
समोर माणूस आला की चेहरा जातो, कडा उरतात.
"मला तुझे कान दिसतात," त्या म्हणाल्या.
"ठीक आहेत."

चार खिडक्या बसल्या तेव्हा फोन वाजला.
डोळ्यांच्या दवाखान्यातली मुलगी:
गुरुवारी सव्वादोनला एक विंडो आहे, चालेल?
बाई फोन ठेवून हसत सुटल्या.
पंधरा मिनिटांची खिडकी!
हिला पडदे कुठून आणू?

मग चहा.
मग, तू काय बसवतोस ते तुला ठाऊक आहे का?

हजार-अकराशे वर्षांपूर्वी या किनाऱ्याला
उत्तरेकडच्या लोकांच्या लांबोळक्या नावा लागल्या.
आधी लुटलं. मग लुटायचाही कंटाळा येऊन नांगर धरला,
गावांना नावं दिली, इथल्या पोरींशी संसार मांडले,
आणि चुलीपाशी आपले शब्द विसरून गेले.
त्यांच्या घरांना काच कुठली?
एक भोक, धूर जायला, उजेड यायला.
त्याला म्हणायचे विंदाउगा.
विंद म्हणजे वारा. आउगा म्हणजे डोळा.

"वाऱ्याचा डोळा," बाई म्हणाल्या,
"आणि तू त्यात रबर भरतोस."

मी कप खाली ठेवला.
म्हटलं, आम्ही खिडकीला खिडकीच म्हणतो,
पण पोथ्यांत एक भारी शब्द आहे, गवाक्ष.
गो आणि अक्ष. गाईचा डोळा.
आठवीत कवठेकर सरांनी छडी दाखवून
हा संधी सोडवून घेतला होता.
तेव्हा काही गाय दिसली नव्हती.
आज दिसली, व्हिटबीत,
पाचव्या चौकटीत मान घालून रवंथ करताना.

बाई बराच वेळ गप्प.
"तुमचा बरा," म्हणाल्या, "त्याला पापणी तरी आहे."

मग मी सांगतच सुटलो.
नारळाला डोळे असतात, मोरपिसाला असतो,
उसाला तर पेरापेराला.
लावणीला वडील बांधावरून ओरडायचे,
डोळा खाली घालू नको रे,
तिथूनच तर फुटणार आहे.

हातात सीलंटची बंदूक तशीच.
नळीच्या टोकाला पांढरा थेंब सुकत चाललेला.

पाचवी खिडकी जुनी, वरखाली सरकणारी,
एक दोरी तुटलेली, लाकूड चाटलं तर खारट लागेल असं.
फटीतून सुईएवढा वारा येत होता
आणि बाईंनी डावा गाल तिकडे केला होता.
भरती लागली, त्या म्हणाल्या.
खाली धुराड्यात हेरिंग टांगलेत.
पोस्टमन आज नवा आहे, फाटक लोटून देतो.

मी बाहेर पाहिलं.
फाटक हलत होतं.

फॉर्मवर लिहिलं: चार पूर्ण, पाचवी ग्राहकाच्या इच्छेने तशीच.
मालक डेन्झिल म्हणाला, म्हातारी गारठून मरेल.
असेलही. मी तिच्यासाठी एक जाड पडदा शिवून घेतलाय,
अजून नेऊन दिला नाही.

मी राहतो चिप्सच्या दुकानावरच्या खोलीत.
तिथली खिडकी मीच बसवलेली, हवाबंद.
त्या रात्री दोन बोटं उघडी ठेवली.
तळणाचा वास आला, सीगल आले, गारवा आला,
मी पांघरूण ओढून जागा राहिलो.
पहाटे कधीतरी डोळा लागला.
कुणाचा आधी, ते कळलं नाही.