पान एकोणचाळीस

लक्ष्मीपुरीच्या रद्दीत अण्णांना ते मासिक मिळालं,
बारा आण्यांत, तेही घासाघीस करून.
मिलानोत छापलेलं, साल पंचावन्न,
कागद असा की माशी घसरावी.
एकच पान नव्हतं, एकोणचाळीस-चाळीसचं.
भडंगाची पुडी झाली असणार त्याची.

इटालियन वाचणार कोण?
कॉस्मे पाववाला मूळचा म्हापशाचा, त्याला पोर्तुगीज येई.
भट्टी विझली की अंगावरच्या मैद्यासकट तो यायचा
आणि तांदळातले खडे वेचावेत तसे
ओळखीचे शब्द वेचायचा:
फिगुरा म्हणजे आकृती, कार्ने म्हणजे मांस,
ग्वेर्रा म्हणजे लढाई, ती काय सांगायला हवी.
मधलं सगळं अंदाजानं.
अण्णा ते वहीत उतरवून घेत, अंदाजासकट.

मी स्टुलावर. वय नऊ.
मॉडेलला द्यायला पैसे नव्हते, म्हणून मी.
‘हनुवटी खाली. हं. आता श्वास घे, पण हलू नको.’

तर तो टीकाकार म्हणत होता (कॉस्मेच्या म्हणण्याप्रमाणे)
की एवढी माणसं मेल्यावर
माणूस पुन्हा रंगवायचा तर कसा?
काहींनी चेहराच सोडून दिला,
नुसते डाग, फाटकी गोणपाटं, दोऱ्याचे टाके.
काहींनी मजूर काढला, मूठ वळलेला,
दात मात्र एकजात पांढरे.
दोन्ही खोटं, असं त्याचं मत.
मग खरं काय?
ते पान एकोणचाळीसवर.

अण्णा हसले. म्हणाले, आमच्या कोल्हापुरात
हा प्रश्न आलाच नाही कधी.
इथं माणूस मेला की मगच रंगवतात.
खोटं नव्हतं ते. आमच्या सोप्यात
शाहूपुरीचे अडत्ये, गडहिंग्लजचे वकील
ओळीनं वाळत उभे असायचे,
फोटोवर चौकटी आखून मोठे केलेले.
फेट्याचे पाच रुपये वेगळे.
मिशीत भर हवी तर फुकट.

मग सिद्धनेर्लीच्या चंद्राक्का आल्या.
नवरा पलटणीत होता, चव्वेचाळीसला गेला,
तिकडंच, इटलीत.
फोटो नाही. एक पितळी बिल्ला.
‘लेकीचं लगीन हाय. बाप भिंतीवर तरी पायजे.
नाक सरळ. डाव्या भिवईत खोक.
हसाय लागलं की आधी खांदं हलायचं.’

अण्णांनी तीनदा काढला, तीनदा पुसला.
सरळ नाकाचा एक माणूस यायचा,
तो कुणाच्याही भिंतीवर चालला असता.

चौथ्या खेपेला तिला मासिक उघडं दिसलं.
बाकावर बसलेला एक शेतकरी,
गुडघ्यांवर हात, नांगर सोडून ठेवल्यासारखे,
मागची भिंत अर्धी रंगवून तशीच सोडलेली.
‘ह्यो कुठला?’
‘इटलीचा.’
ती वाकली. पदरानं कागद पुसला,
धूळ नव्हती, तरी.
‘मग ह्येनं बघितलं आसंल की त्यास्नी.’

कॉस्मेचे ओठ हलले.
भाषांतर करायचं त्यात काही नव्हतं.

अण्णांनी मग बाक तोच घेतला. भिंतही.
बसवला एक शिपाई, मान किंचित वळलेली,
चेहरा बराचसा सावलीत,
उजवा खांदा जरा वर, हसण्याच्या अलीकडे.
चंद्राक्का खूप वेळ उभ्या होत्या.
‘न्हाई. ह्ये न्हवं त्ये.’
मग म्हणाल्या, ‘पर ऱ्हाऊ द्या.’
आणि जुन्या धोतरात गुंडाळून, डोक्यावर घेऊन गेल्या.
फेट्याचे पैसे घ्यायचा प्रश्न नव्हता, फेटा काढलाच नव्हता.

माझं चित्र अर्धंच राहिलं. मी हलले फार.

वही आता माझ्याकडे आहे.
अडतीसनंतर अण्णांनी एक पान कोरं सोडलंय,
वर आकडा घालून,
आणि कधीतरी, वेगळ्या शाईत, कोपऱ्यात:
आधी खांदे.

तीस वर्षं मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवली मी.
दरवर्षी हेच सांगायची.
दरवर्षी पोरी डोळ्यांपासूनच सुरुवात करायच्या,
पापण्यांसकट.