किरकोळ

मे महिन्यात आमच्या ग्रंथालयाचा कूलर
वारा कमी आणि आवाज जास्त देतो.
महालातली मागची खोली, पेटी नंबर बेचाळीस.
काशगरहून आली म्हणतात. कुणी फौजी डॉक्टर
पेन्शनीत नागपूरला राहिला, मरताना इथे देऊन गेला.
आत वीतभर लाकडी पट्टी,
उजवीकडून डावीकडे चालणारी अक्षरं.
खरोष्ठी.
सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरनं पेन्सिलीनं अर्थ उतरवलाय:
उंट हरवला आहे. डाव्या कानाला चीर.
साक्षीदार तिघे. सापडल्यास
आणि इथे लाकूड तुटलंय.

परदेशातून तीन पत्रं आली पट्टीसाठी.
फोटो हवेत, मापं हवीत, तुटक्या कडेची तर खास.
पाठवलं सगळं, टपालखर्च माझ्या पर्समधून.
रजिस्टरच्या शेवटल्या रकान्यात मीच लिहिलं होतं:
वेष्टन, रेशमी, फाटके. किरकोळ.

वाळूनं सोळाशे वर्षं सांभाळलं.
आम्हाला फक्त येता पावसाळा सांभाळायचाय,
कसर आहे, ओल आहे,
ग्रँट मार्चमध्ये परत गेली.

वामन पराते रोजीवर येतो, बांधणीला.
गोळीबार चौकात त्याचा माग होता,
आता त्या खड्ड्यावर फळी टाकून
पोरगा मोबाईल दुरुस्त करतो.
वामन खळ बोटानं चाखून बघतो,
मोरचूद घालायच्या आधी.

त्यानं ती चिंधी खिडकीशी धरली.
"हे काहून असं कोंबून ठेवलं जी?"
नखानं धागे मोजत गेला, ओठ हलत होते,
एका जागी थांबला.
"इथं ताणा तुटला होता. सांधला त्यानं.
पण गाठ उलटी बसली पाहा.
डावखुरा असन. नाही तं घाईत."

मी भिंग आणलं.
खसखशीहून बारीक काहीतरी,
मला दिसायला चहा थंड होईपर्यंत वेळ लागला.
मग 'किरकोळ' खोडलं.
पुढे काय लिहावं ते सुचेना,
रकानाही अरुंद.

सहा वाजता नळाखाली हात धुताना
त्यानं विचारलं, "भेटला का मंग तो उंट?"
म्हटलं, तिथेच तर लाकूड तुटलंय.
तो पंच्यानं एकेक बोट पुसत राहिला.
"तीन साक्षीदार होते म्हणता नं," म्हणाला,
"भेटला असन."
आणि सायकल काढायला गेला.