चौथी वाट

फरशीवर खडूनं एक तिकटी काढायची.
वाटा तीन. खेळ चौथीवर.
सोंगटी नसते; तरी ती उचलताना
मनगट दुखल्यासारखं करायचं,
नाहीतर अत्तारमामा डाव बाद ठरवतात.

पहिल्याच चालीत "गंगावेश" म्हणू नये.
पोरं म्हणतात, आणि तिसऱ्या चहापर्यंत
रंकाळ्यात बुडतात.
जाणता माणूस आधी खोकतो,
मग पान लावतो, मग म्हणतो, "बघू."
या "बघू"ला उतारा नाही.
(एकदा मुळीकांच्या सुनेनं दिला होता: "बघा."
त्यावर कार्यकारिणी बसली. अजून उठलेली नाही.)

"जिंकतं कोण?" असं विचारणाऱ्यानं
सगळ्यांना मिसळ द्यायची, कट वेगळा.

सरनोबत अण्णांनी आषाढात चाल धरली,
सोंगटी मुठीत घेऊन दवाखान्यात गेले
आणि तिथूनच गेले.
नियम साफ आहे: मूठ उघडल्याशिवाय
पुढच्याची पाळी नाही.

तेव्हापासून आम्ही दर गुरुवारी
खडू आणतो, तिकटी काढतो,
अण्णांच्या जागेकडं बघत बसतो.
अत्तारमामा म्हणतात,
"लई लांबचा विचार करतोय गडी."