छाट

अशोक चौकात, टॉवेलच्या दुकानावर आमचा वर्ग.
खाली माग चालू, म्हणून म्याकल सरांचं
निम्मंच वाक्य बाकापर्यंत येतं:
"इनपुट जे आणून देतं ते, खटक खटक, अक्षर.
आकडा दिसला तरी, खटक, अक्षरच."
मी तेवढंच वहीत उतरवलं.

रात्री घरकुलात अम्मापुढं लॅपटॉप ठेवला,
वर्गातून उसना आणलेला, एक बटण निखळलेला.
"काय करलालीस गं?"
"तुझा हिशोब."
तिनं मांडीवरचं सूप सरकवलं,
तंबाखूचं बोट पदराला पुसलं.
काल किती बिड्या? ८००.
आज किती? ७५०.
एंटर.

८००७५०.

अम्मा आधी गप्प, मग ठसका लागेस्तोवर हसली.
"आठ लाख सातशे पन्नास!
कारखानाच विकत घेऊ की.
मुनीमाला ठेवू पान भिजवायला."

दोन अक्षरं शेजारी बसली होती, एवढंच.
बेरीज झालीच नव्हती.
पानावर पत्रा धरून ती कडा कापते
तसा मी इनपुटभोवती इंटचा कंस बसवला.
पंधराशे पन्नास.
"हां," ती म्हणाली, "हे आमचं."
आणि सूप परत मांडीवर घेतलं.

चार पानं वळून झाल्यावर, मान वर न करता:
"छाट कुठं लिहिलीस?"

छाट म्हणजे कारखान्यात
मुनीम टेबलावर मूठ उघडतो,
ही सैल, ही बारीक, ही फुटलेली,
आणि बाजूला काढलेल्या बिड्या
परत देत नाही.
लहानपणी मी सोबत जायचे, मला माहीत आहे.
तरी लिहायला विसरले.

तिसरा प्रश्न घातला: छाट किती?
अम्मानं पडद्याकडं पाहिलं.
काही न लिहिता एंटर दाबलं.

तांबड्या ओळी.

"काय म्हणतंय?"
"रिकाम्याचा आकडा होत नाही म्हणतंय.
नसेल तर शून्य लिही."
"नाही कशी?"

शेजारच्या घरात कुणीतरी तेलुगूत
कट्ट्या मोजत होतं, ओकटी, रेंडू, मूडू,
मूडूवर अडकून पुन्हा पहिल्यापासून.

अम्मानं लॅपटॉप स्वतःकडं ओढला.
एक शोधला, मग तीन,
शून्य दाबताना जरा थांबली.

चौदाशे वीस.

"उद्या मुनीमानं वेगळं सांगितलं," मी विचारलं,
"तर?"
"तर हे दाखवू," म्हणाली,
आणि दोरा दातानं तोडला.