चाळीस जोड

चाळीस जोड झाले तरच हा भाव, खुलान म्हणाली.
म्हणाली म्हणजे लिहिलं, रात्री पावणेबाराला,
पुढे एक हसरा चेहरा टाकून.
मी तेविसावी. माप एकतीस, आत लोकर, रंग कुठलाही.

आपण दलाल आहोत हे ती स्वतःच सांगते,
जोडामागे दोन हजार तुग्रिक, लपवाछपवी नाही.
सीमेपलीकडच्या दुकानदाराची भाषा तिला येते
आणि आमची नड कळते.

अडतिसावर यादी अडली. दोन दिवस कुणी येईना.
तिसऱ्या दिवशी एकोणचाळीस: दुलमा, माप चौतीस.
चाळीस: दुलमा, माप चौतीस.
कोण ही दुलमा, कुणी विचारलं नाही.
भाव पडला. सगळ्यांनी अंगठे वर केले.

मग ट्रक एरीनला थांबला.
आधी कोळशाच्या गाड्यांना वाट, मग वादळ,
मग पलीकडे कसलीशी सुट्टी.
इकडे उलानबातरमध्ये उणे सव्वीस.
खुलान, बूट कुठे. खुलान, पैसे टाक परत.
मीही लिहिलं एकदा, नको ते.
तेमूलेन जुन्या बुटात पिशवी घालून शाळेत जायचा,
आणि त्याची पावलं
कुणाला न विचारता वाढत होती.

बेचाळिसाव्या दिवशी नारानतूल बाजारामागे
कंटेनरच्या आडोशाला गठ्ठा फुटला.
नंबर पुकारले तेव्हा पहिल्यांदा चेहरे दिसले:
सात नंबर आमच्याच जिन्यातली,
रोज दार ओढून घेणारी;
एकतीस नंबर ट्रॉलीबसचा ड्रायव्हर, नातीसाठी आलेला.

बूट तेमूलेनला बसेनात.
मग पोरं एका पायावर उभी, बर्फावर पुठ्ठे,
आणि आम्ही ओरडतोय: बत्तीस आहे का कुणाकडे, बत्तीस!
सातने माझा घेतला, ड्रायव्हरने तिचा,
त्याचा आला माझ्याकडे.
एक दांडगा पोरगा उरला. खुलानने पिशवीतून
चौतिसाचा जोड काढून त्याच्यापुढे ठेवला.

"दुलमाचा?" मी विचारलं.
"आईचं नाव," ती म्हणाली, नाक पुसत.
"पाऊल लहान होतं तिचं.
दर खेपेला एखादा नंबर कमी पडतोच."

जानेवारीत हातमोजे निघाले. साठ जोड झाले तर.
एकोणसाठावर रात्रभर कुणी हललं नाही.
पहाटे उठून चहा ठेवला,
आणि मी लिहिलं:
साठ. दुलमा. माप लहान.