सहा सेंटिमीटर

नकाशावर मी जिना दीड मीटरचा काढला होता.
कागदावर भिंतीला जाडी असते, भूक नसते.
जेल रोडला, दसककडे वळताना,
गायधनीकाकांच्या इमारतीत मात्र
गिलाव्याने थोडा जिना खाल्ला,
उरलेला घास कोटा फरशीने घेतला.

हे कळलं शेवटच्या तपासणीला.
त्याआधीचं सगळं सुरळीत,
म्हणजे जसं असतं तसं.
सातबाऱ्यावर मेलेल्या आत्याचं नाव निघालं.
मोजणीची तारीख दोनदा हुकली.
निळ्या पूररेषेच्या साडेतीन मीटर अलीकडे आहोत
हे पटवायला मी एका बाभळीला साक्षीला धरलं.
जोतं तपासायला साहेब आले तेव्हा
कुत्रीने नेमकी तिथेच पिल्लं घातली होती,
आणि साहेब टेप तिच्या अंगावरून अलगद नेत म्हणाले,
हिचं काम विनापरवाना दिसतंय.

पोर्टल रात्री अकरानंतरच फाईल घ्यायचं,
म्हणून मीही अकरानंतरच माणसात.
खाली चार गाळे, वर दातांचा दवाखाना.
डॉक्टरीणबाईंची खुर्ची खोक्यातल्या खोक्यात
चार महिने जिन्याखाली आ करून बसलेली.

मग त्या मंगळवारी भामरे मॅडम,
कनिष्ठ अभियंता,
सँडलला सिमेंट, खांद्याला डब्याची पिशवी.
दुसऱ्या मजल्याच्या वळणावर त्यांनी टेप सोडली.
पुन्हा सोडली.
एक चव्वेचाळीस, म्हणाल्या.
चष्मा पुसला.
एक चव्वेचाळीसच.

मी तोंड उघडलं.
बारा वर्षं झाली या कामात,
माझ्याकडे वाक्यं तयार असतात:
मॅडम, थोडं इकडे तिकडे व्हायचंच,
मॅडम, शेजारचा जिना बघा एकदा,
मॅडम, चहा.
कंत्राटदाराचा हात वरच्या खिशापर्यंत गेलासुद्धा,
आणि तिथेच थांबला, छातीत कळ आल्यासारखा.

कारण काका खाली बसले होते,
पायरीवर, टेपच्या आकड्याला डोळा लावून.

एकतीस वर्षं ते प्रेसमध्ये होते,
नोटा तपासायला.
ताव पुढ्यात यायचा, नजर फिरायची,
केसाएवढी शाई सरकली की अख्खा ताव बाद.
कुणी विनवायचं नाही, कुणी रागवायचं नाही.
तपासून होईस्तोवर
तो नुसता कागद, म्हणायचे.

बरोबर आहे, काका गुडघ्यावर हात टेकत उठले.
बाद करा.

आता मॅडमनाच सुचेना.
भांडणारा माणूस त्यांना पाठ होता,
रडणारा, ओळख सांगणारा,
कुणाच्या तरी फोनवर बोला म्हणणारा.
एवढंसं तर आहे हो काका, त्या म्हणाल्या
आणि मध्येच गप्प झाल्या.
खाली चार गाळे, वर खुर्चीत भूल दिलेलं माणूस,
मध्ये धूर,
तेव्हा एवढंसंच लागतं.

संध्याकाळी छिन्नी चालली.
फरशी सुटी होता होता फुटली, दोन तुकडे, मग सात.
काकांनी ते गोणीत भरले, मोजून.
कंत्राटदार माझ्याशी आठवडाभर बोलला नाही,
जिना काय मी रडत रडत काढला होता का, असं
दुसऱ्याकडे बघून बोलला.
डॉक्टरीणबाईंनी फोनवर तारीख विचारली.
या धंद्यात पहिल्यांदाच
मी खरी सांगितली.

भोगवट्याचा दाखला आला तोही पोर्टलवरच.
बिटकोजवळून पाच रुपयांची प्रिंट काढून नेली.
काकांनी ती ट्यूबलाइटसमोर धरली,
उलटी केली, पुन्हा धरली,
अंगठ्याने कड चाचपली.
पाणचिन्ह नाही, म्हणाले,
आणि हसले नाहीत.

जिन्याची ती बाजू अजून उघड्या विटांची आहे.
गिलावा कराल का, कुणी विचारत नाही.
दात दाखवायला जाते तेव्हा
माझी ओढणी तिथे अडकते,
दर वेळी,
त्याच विटेला.